फलकावरचे 100 टक्के की ‘असर’चा आलेख?

दहावीचा निकाल लागला की ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत फलक झळकतात : ‘सलग दहा वर्षं 100 टक्के!’ त्याच वेळी कुठेतरी ‘असर’ या शिक्षण-सर्वेक्षणाची बातमी वाचलेली असते, की पाचवीतल्या कितीतरी मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नाही. मुलाला शाळेत घालताना आईबापांनी मानायचं कोणाचं?

आधी बोर्ड. राज्याचा दहावीचा निकाल 2018 ला 89.41 टक्के, 2019 ला 77.10, 2020 ला 95.30 आणि 2021 ला 99.95. एका वर्षात सगळी मुलं ढ आणि पुढच्या वर्षी हुशार? छे. 2019 ला भाषांचे शाळेच्या हातातले 20 गुण काढले होते, पुढच्या वर्षी ते परत आले. 2021 ला तर कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही. पट्टीच बदलली, तर उंची वाढली म्हणायचं कसं?

शाळेच्या आलेखात आणखी एक मेख असते. नववीतल्या कच्च्या मुलाला ‘17 नंबरचा फॉर्म भरा’, म्हणजे दहावीला बाहेरून बसा, असं सांगून बाहेर काढलं, की शंभर टक्के शाबूत. उलट चाळीस मुलांच्या प्रामाणिक शाळेत एक जण नापास झाला तरी निकाल अडीच टक्क्यांनी उतरतो.

‘असर’ याबाबतीत सरळ आहे. ‘प्रथम’ संस्था 2005 पासून घरोघरी जाऊन मुलांना वाचायला लावते. अक्षर, शब्द, पहिलीचा उतारा, दुसरीची गोष्ट, अशी पायरी ठरलेली. शाळा सुटलेली मुलंही त्यात येतात. म्हणून वर्षांची तुलना इथे जास्त खरी. पण हे सर्वेक्षण ग्रामीण भागाचं. शहापूर-मुरबाडची गावं त्यात येऊ शकतात, पाचपाखाडी किंवा वाशी नाही. आणि एखाद्या शाळेबद्दल ते काहीच सांगत नाही. केंद्र सरकारच्या शाळांमधल्या सर्वेक्षणाची रेघही सलग ओढता येत नाही, कारण तपासायच्या इयत्ताच बदलल्या : 2017 ला तिसरी, पाचवी, आठवी, 2021 ला त्यांच्या जोडीला दहावी, 2024 ला तिसरी, सहावी, नववी.

तेव्हा राज्यातलं शिक्षण सुधारतंय का, हे बघायला ‘असर’. शाळा निवडायला मात्र बोर्डाचाच निकाल घ्यावा लागतो, फक्त त्याच वर्षीच्या मुंबई विभागाच्या निकालाशेजारी ठेवून. आणि ऑफिसात एक विचारायचं : नववीला पटावर किती होते, दहावीला बसले किती?

नेरुळच्या एका शाळेत मी हे विचारलं, तर माहितीपुस्तिका पुढे सरकवली. तिच्यात स्विमिंग पूलचे चार फोटो होते.