रुबिडियमची व्हेपर सेल: सहा महिन्यांच्या वापरानंतर

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना पुंज-व्यतिकरण (क्वांटम इंटरफेरन्स) प्रत्यक्ष दाखवता यावे, म्हणून आम्ही रुबिडियम-87 चे बाष्प आणि 10 टॉर दाबाचा निऑन भरलेली काचेची बंद नळी, म्हणजेच सेल, तापकासह मागवली. सेल उत्तम आहे. तापक तिच्या तोलाचा नाही.

795 नॅनोमीटरच्या दोन लेसर-लहरींच्या वारंवारतांमधील फरक अणूच्या तळाच्या दोन पातळ्यांमधील 6.834 गिगाहर्ट्झच्या अंतराशी जुळला, की उत्तेजित पातळीकडे जाणाऱ्या दोन वाटा एकमेकींना रद्द करतात आणि एरवी प्रकाश शोषणारे बाष्प पारदर्शक होते. 1991 मध्ये स्टॅनफर्ड येथे स्ट्रॉन्शियमच्या बाष्पात प्रथम दिसलेला हा परिणाम आमच्या ऑसिलोस्कोपवर पहिल्याच दिवशी आरपार गेलेल्या प्रकाशाच्या आलेखातील सुईसारख्या शिखराच्या रूपाने उभा राहिला, तेव्हा विद्यार्थ्यांइतकाच आनंद मलाही झाला. शिखराच्या या अरुंदपणाचे श्रेय निऑनला आहे. नुसत्या रुबिडियमच्या सेलमध्ये सुमारे 270 मीटर प्रतिसेकंद वेगाने जाणारा अणू 2 मिलिमीटरचा झोत सात-आठ मायक्रोसेकंदांत ओलांडतो, तर निऑनमध्ये धडका खात तो प्रकाशात कितीतरी अधिक काळ रेंगाळतो. मात्र याच धडकांमुळे शोषणरेषा (ज्या वारंवारतांवर बाष्प प्रकाश शोषते तो पट्टा) रुंदावत असल्याने लेसरची वारंवारता स्थिर करण्यासाठी निऑन नसलेली दुसरी सेल लागते. विक्रेत्याने हे आधीच सांगायला हवे होते.

तापकाची तार एकाच दिशेने गुंडाळलेली असल्याने तिच्यातील प्रवाह सेलच्या अक्षावर चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. एका गॉसला (चुंबकीय क्षेत्राचे एकक) अणूच्या तळपातळ्यांतील लगतच्या उपपातळ्या 0.7 मेगाहर्ट्झने दूर सरकत असल्यामुळे आमचे शिखर फुटून त्याचे तुकडे होत. शिवाय सेलची टोके मधल्या भागापेक्षा थंड राहत आणि तेथील काचेवर रुबिडियमचा चंदेरी थर धरे. अखेर आमच्या कार्यशाळेने पीळ दिलेल्या दुहेरी तारेचा तापक केला, ज्यात उलट दिशांच्या प्रवाहांची क्षेत्रे एकमेकांना रद्द करतात आणि टोकेच अधिक तापतात, आणि दोन्ही दोष गेले.

त्यानंतर 70 अंश सेल्सिअसला सेलने आपले खरे सामर्थ्य दाखवले. दोन लेसर-लहरींपैकी प्रबळ लहर दुसऱ्या तळपातळीवरही, वारंवारता जुळत नसताना, क्रिया करते आणि तिच्याहून 6.834 गिगाहर्ट्झने खाली एक नवी, क्षीण लहर जन्मते. ती आम्ही फॅब्री-पेरो पोकळीने (समोरासमोरच्या दोन आरशांची, ठरावीक वारंवारताच जाऊ देणारी रचना) वेगळी करून पाहिली. व्यतिकरणाने शोषण पुसले गेले, तरी लहरींचे मिश्रण टिकून राहते, हे विद्यार्थ्यांना समीकरणाच्या आधी डोळ्यांनी दिसले. पदव्युत्तर प्रयोगशाळेने ही सेल अवश्य घ्यावी, पण तापकाशिवाय.