गाडी सोसायटीत, मी मेट्रोत: वनाझ ते कल्याणीनगर, नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

आधीच सांगते, मी काही पर्यावरणवाली वगैरे नाहीये. घरी कार आहे, एसी लावून, गाणी लावून जायला मलाही आवडतं. पण 2025 च्या जूनमध्ये एका संध्याकाळी पाऊस पडला आणि मला पुण्यात कल्याणीनगरहून कोथरूडला यायला दोन तास दहा मिनिटं लागली. संगम पुलावर पंचवीस मिनिटं गाडी जागची हलली नाही, पाय क्लचवर, बाजूच्या रिक्षातले आजोबा उतरून चालत निघून गेले आणि मी त्यांच्याकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशी ठरवलं की एक महिना मेट्रोने जाऊन बघू, नाही जमलं तर गाडी आहेच. त्याला आता नऊ महिने झाले, म्हणून हा रिव्ह्यू, कारण "मेट्रो बघायला जायची, वापरायची नाही" असं म्हणणारे अजून भेटतात.

माझा रूट सोपा आहे हे मान्य. वनाझला चढायचं, कल्याणीनगरला उतरायचं, मध्ये बदलायचं काही नाही. वनाझ ते गरवारे कॉलेज हा तुकडा मार्च 2022 मध्ये सुरू झाला तेव्हा आम्ही सगळे पोरांना घेऊन फिरायला गेलो होतो, फोटो काढले आणि घरी आलो, त्याचा उपयोग काय हेच कळत नव्हतं. खरं सांगायचं तर तेव्हा नव्हताच. ऑगस्ट 2023 ला ती रुबी हॉलपर्यंत गेली, मार्च 2024 ला रामवाडीपर्यंत आणि मग एकदम ती माझ्या कामाची झाली. पाच स्टेशनांची मेट्रो म्हणजे खेळणं, सोळा स्टेशनांची म्हणजे वाहन. लोक पहिल्याच वर्षी "रिकाम्या गाड्या पळवतायत" म्हणून हसत होते ना, त्यांना आता संध्याकाळी सहा वाजता सिव्हिल कोर्टला उभं करायला पाहिजे.

वेळेचं म्हणाल तर गाडीत बसून साधारण पस्तीस मिनिटं, घरापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंत एक तास. कारने सकाळी पन्नास मिनिटं लागायची, संध्याकाळी काहीही. म्हणजे सकाळी मेट्रो हळूच आहे, हे कुणी सांगत नाही, मी सांगते. पण तो एक तास रोज एकच तास असतो. गुरुवार असो, पाऊस असो, लग्नाचा मुहूर्त असो की चौकात कुणाचा वाढदिवस असो. हे अंगवळणी पडल्यावर जे सुख आहे ते मला गाडीच्या एसीत कधी मिळालं नव्हतं, मी आता मुलीला क्लासवरून आणायची वेळ "बघते" असं न सांगता सात दहा अशी सांगते.

पैशांचं गणित मांडते कारण नवऱ्याने वहीत लिहून ठेवलंय. येऊन जाऊन सत्तावीस किलोमीटर, आमची गाडी शहरात लिटरला अकराच्या वर देत नाही, पेट्रोल एकशे चार-पाच धरा, म्हणजे दिवसाला अडीचशेच्या पुढे आणि महिन्याच्या बावीस दिवसांचे साडेपाच हजार. मेट्रोला जाऊन येऊन साठ, म्हणजे महिन्याचे तेराशे-चौदाशे, त्यात रिक्षाचे पाच-सहाशे घाला. दोन हजारांत काम होतं. शनिवार-रविवार तिकिटात तीस टक्के सूट असते ती वेगळी. पार्किंगचे पैसे धरलेच नाहीयेत, कारण ऑफिसमध्ये पार्किंग फुकट.

आणि ह्या फुकटवरच माझा राग आहे. आमच्याकडे (नाव सांगत नाही, नोकरी आहे अजून) कार आणणाऱ्याला बेसमेंटमध्ये जागा, तिथे वॉचमन, लिफ्ट थेट वर. ती जागा काय आभाळातून पडलेली नाही, त्याचं भाडं कंपनी भरतेच. मी एचआरला विचारलं की मी माझी जागा सोडते, त्याबदल्यात मेट्रोच्या कार्डात काहीतरी टाका. उत्तर आलं, तशी पॉलिसी नाहीये. म्हणजे मी एकटी बाराशे किलोचं धूड घेऊन आले तर मला बक्षीस आणि चालत आले तर शाबासकीसुद्धा नाही. शहराचंही तेच चाललंय. पुण्यात 2018 ला पार्किंगचं धोरण मंजूर झालं होतं, पाच रस्त्यांवर पैसे घेऊन सुरुवात करायची होती, आठवतंय का कुणाला? रस्त्यावर फुकट गाडी लावणं हा आपल्याला जन्मसिद्ध हक्क वाटतो. लावलेली एक कार जेवढी जागा खाते तेवढ्यात माझ्या माहेरच्या घरी स्वयंपाकघर होतं, त्यात पाच माणसांचा स्वयंपाक व्हायचा.

माहेर डोंबिवली. त्यामुळे असेल कदाचित, मला पुण्यातली एक गोष्ट कधी समजली नाही. डोंबिवलीत मोठा साहेब असो की शिपाई, आठ एकवीस म्हणजे आठ एकवीस, सगळे त्याच फलाटावर. चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून बाबांनी तीस वर्षं व्हीटी केलं, त्यात कुणाला काही कमीपणा वाटला नाही. मुंबईची लोकल रोज सत्तर लाखांच्या वर माणसं वाहते आणि तिचे हाल काही लपलेले नाहीत, त्या गर्दीचं कौतुक मी करणार नाही. पण तिथे "गाडी नाही का तुमच्याकडे" असं कुणी विचारत नाही. इथे पहिल्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, "काय गं, गाडी विकली का? सगळं ठीक ना घरी?" मी म्हटलं काका, गाडी आहे, तीच बसलीये. त्यांना पटलं नाही. पुण्यात बसने जाणारा म्हणजे ज्याला जमलं नाही तो, असं कुठेतरी डोक्यात बसलंय आणि त्याचा परिणाम असा की बस-मेट्रोचं काही चुकलं तर ओरडणारा वर्ग कारमध्ये बसून हॉर्न वाजवत असतो.

आता तक्रार, आणि ती मेट्रोच्या डब्यात नाहीये, ती स्टेशनच्या जिन्याखाली सुरू होते. वनाझ स्टेशन ते माझं घर आठशे मीटर. ऐकायला काय, दहा मिनिटं. त्या आठशे मीटरमध्ये मी एकदा मोजलं: फूटपाथवर लावलेल्या एकोणीस दुचाक्या, एक वडापावची गाडी आणि त्याच्या बाजूला बाकडं, विजेचा एक डीपी ज्याच्यामुळे फूटपाथ संपतोच, एक कापलेल्या झाडाचा बुंधा, आणि एका ठिकाणी फरशी उचललेला चौकोन, ज्याच्यात कुणीतरी खूण म्हणून फांदी खोचली होती. जुलैत फांदी वाहून गेली आणि त्या चौकोनात माझा डावा पाय गेला. गुडघ्यापर्यंत. घोटा सुजला, आठ दिवस क्रेप बँडेज, आणि ते आठ दिवस मी कुठल्या वाहनाने ऑफिसला गेले असेन? बरोबर, कारने. ऑटोमॅटिक नाही आमची, तरी डाव्या पायाने क्लच मारत गेले पण चालत नाही गेले. मेट्रोवर हजारो कोटी खर्च झाले आणि मला परत गाडीत बसवायला दीड फुटाची एक फरशी पुरली.

रिक्षाचंही तेच दुखणं. मीटरने पहिल्या दीड किलोमीटरला 25 रुपये हा दर आहे, आठशे मीटर त्यात आरामात बसतात, पण एवढ्या जवळचं भाडं कुणाला नको असतं. पावसात "साठ होतील ताई" आणि तेही तोंड वळवून. त्यांचंही बरोबर असेल, पंधरा मिनिटं रांगेत उभं राहून पंचवीस रुपये कोण घेईल. मग तिथे दर पाच-दहा मिनिटांनी छोटी बस फिरायला पाहिजे. पेठांत 2021 मध्ये दहा रुपयांत दिवसभर फिरा अशी पुण्यदशमची बस सुरू झालीच की, तेच मॉडेल प्रत्येक मेट्रो स्टेशनभोवती का नको? रात्री नऊनंतर तो रस्ता मला एकटीला नको वाटतो, दिवे आहेत पण झाडांच्या आत आहेत, मग नवरा स्कूटर घेऊन स्टेशनवर येतो. ज्या बाईचा नवरा येऊ शकत नाही ती काय करेल? ती दुसऱ्या दिवशी ॲक्टिव्हा काढेल आणि मग आपण म्हणणार लोकांना मेट्रोची सवय नाही.

ह्याउलट कल्याणीनगरच्या बाजूला बाराशे मीटर चालते मी, जास्तच, पण फूटपाथ सलग आहे आणि सावली आहे, मला ते अंतर जाणवतच नाही. नऊ महिन्यांत हे एवढं एक कळलं की अंतर मीटरमध्ये मोजायचं नसतं.

बरं, चांगलंही लिहिते. सकाळी वनाझला पहिलं स्टेशन असल्याने बसायला मिळतं. गर्दीच्या वेळी सहा-सात मिनिटांनी गाडी, धावत सुटायची गरज नाही. तिकीट व्हॉट्सॲपवरसुद्धा निघतं, सासूबाईंना तेच आवडतं कारण खिडकीवर सुट्ट्यांची भानगड नाही. डेक्कनच्या पुढे गाडी नदीच्या कडेने जाते तो दोन मिनिटांचा तुकडा माझा सगळ्यात लाडका. ऑगस्टमध्ये खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा खाली नदीपात्रातला रस्ता दिसतच नव्हता, नुसतं तांबूस पाणी, अख्ख्या डब्याने माना वळवल्या, एक मुलगा आईला विचारतो "आपण रोज इथून गाडीने जायचो?" आई काही बोलली नाही.

गणपतीत तर कमालच झाली. मंडईचं स्टेशन स्वारगेटच्या लाईनवर, ती लाईन सप्टेंबर 2024 च्या शेवटी चालू झालेली, त्यामुळे 2025 हा तिचा पहिला गणेशोत्सव. सासूबाईंचे गुडघे गेलेत, सहा-सात वर्षं त्यांनी मानाचे गणपती फक्त टीव्हीवर बघितले होते. सिव्हिल कोर्टला बदललं, खाली जमिनीत 33 मीटर जायचं असतं, त्या सरकत्या जिन्यावर माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "अगं, पाताळात चाललोय का?" आणि वर आलो तर थेट ढोल-ताशांच्या आवाजात. विसर्जनाच्या दिवशी गाड्या रात्रभर चालू होत्या. कारने हे शक्यच नव्हतं, कार कुठे लावली असती, सातारला?

नळ स्टॉपचं एक सांगते आणि थांबते. तिथे खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल, वर मेट्रो असा दुमजली पूल आहे. पूल झाल्यावर मला वाटलं सुटलो. दोन महिने सुटलो पण. मग पूल संपतो तिथे रांग लागायला लागली, कारण पुलाने गाड्या कमी होत नाहीत, त्या पुढच्या सिग्नलला लवकर पोचतात. शिवाय रस्ता मोकळा झाला म्हणून माझ्यासारख्या चार जणींनी स्कूटर सोडून कार काढली असणार, मी तर काढलीच होती. विद्यापीठ चौकातला पूल 2020 मध्ये पाडून परत नवीन बांधायला घेतला, तोही दुमजलीच. आता मी त्याच नळ स्टॉपच्या रांगेवरून, वरच्या मजल्यावरून, रोज सकाळी नऊला जाते आणि खाली बघते तेव्हा प्रत्येक कारमध्ये एक डोकं दिसतं. एकच. आमच्या तीन डब्यांत त्या अख्ख्या रांगेएवढी माणसं बसून वर जागा उरते.

सगळं जमतं का? नाही. सासूबाईंचा डॉक्टर वारज्यात, तिथे कारच. सिंहगड रोडला नणंद राहते, तिथे बसने एकदा गेले, बस नवीन इलेक्ट्रिक, एसी, बसायलाही मिळालं, पण येताना स्टॉपला शेड नाही आणि भर उन्हात चाळीस मिनिटं उभी राहिले, परत नाही गेले. महिन्याचं सामान कारनेच. म्हणून मी कुणाला गाडी विका म्हणत नाही. दोन गाड्या असतील तर एक विका एवढं म्हणेन, आणि ज्यांचा रूट वनाझ-रामवाडी किंवा पिंपरी-स्वारगेटच्या पट्ट्यात आहे त्यांनी एक महिना खरंच करून बघा, फक्त पावसाळ्यात सुरुवात करू नका आणि बूट चांगले घ्या.

गाडीने मात्र बदला घेतला. दिवाळीनंतर स्टार्ट केली तर डॅशबोर्डवर सगळे दिवे. मेकॅनिकने बॉनेट उघडलं आणि म्हणाला, "मॅडम, उंदराने वायरिंग खाल्लंय, संसार थाटलाय आत." खरंच, चिंध्या, शेंगांची टरफलं आणि कुणाच्या तरी पायमोज्याचा तुकडा. सहा हजार आठशे. न वापरलेल्या गाडीचे. नवऱ्याने वहीत तेही लिहिलं, लाल पेनाने. एप्रिलमध्ये इन्शुरन्स आहे, तो म्हणतो ठेवू, मी म्हणते विकू, अजून ठरत नाहीये. तोपर्यंत बॉनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवायची असतात म्हणे, दर पंधरा दिवसांनी बदलायची. कुणी करून बघितलंय का?