दम्नन सदुआकला ‘पुढे रस्ता नाही’ म्हणाले तर गाडीतून उतरू नका

आमचे ६,००० बाथ (थायलंडचं चलन) दम्नन सदुआकचा, कालव्यात नावांवर भरणारा तरंगता बाजार दिसायच्या आधीच गेले. कसे, ते सांगते. थायलंडला जाणाऱ्यांनी एवढं वाचूनच जा.

आम्ही चौघं होतो: मी, नवरा, मुलगी आणि सासूबाई. बाजार बँकॉकपासून शंभरेक किलोमीटरवर, राचाबुरी प्रांतात. हॉटेलबाहेरच्या टॅक्सीवाल्याने जाऊन-येऊन १,२०० बाथ सांगितले. नवरा खूश. एवढ्या पैशांत हा माणूस अर्धा दिवस का घालवतोय, हा प्रश्न ठाण्यात असतो तर आधी पडला असता.

सकाळी साडेआठला त्याने एका धक्क्यावर गाडी लावली. लाकडी मांडव, तिकिटाचं टेबल, भिंतीवर बाजाराचे मोठाले फोटो. आम्हाला वाटलं, आलोच. टेबलामागची बाई म्हणाली, “पुढे रस्ता नाही, बोटीनेच जावं लागतं. माणशी २,००० बाथ.” टॅक्सीवाला मान हलवत शेजारीच उभा. मी घासाघीस करून १,५०० वर आणलं आणि वर स्वतःवरच खूश झाले! निघून जायचं नाटक केल्यावर बाई पटकन खाली आली, तिथेच शंका यायला हवी होती.

लांब शेपटीची मोटरबोट. इंजिनाच्या आवाजात एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. कालवा सुंदर आहे, ते नाकारत नाही. ‘चौथा राम’ म्हटल्या जाणाऱ्या थाई राजाच्या काळात, १८६०च्या दशकात, मे क्लोंग आणि ता चीन या नद्या जोडायला तो खणला. पण आमची बोट दर पाच मिनिटांनी कुठल्या तरी दुकानाला लागायची. एके ठिकाणी अजगर गळ्यात घालून फोटोचे पैसे मागितले. सासूबाईंनी अशा नजरेने पाहिलं की अजगरवाला मागे सरला.

शेवटी बाजारात पोचलो आणि पुलावर चढून पाहिलं, तर पलीकडे डांबरी रस्ता. त्यावर बसगाड्यांची रांग. सासूबाई म्हणाल्या, “अगं, गाडी तर इथपर्यंत येते!” बाजारात शिरायला तिकीट नाही, कालव्याच्या दोन्ही काठांनी पायी फिरता येतं. वल्ह्याची नाव हवीच असेल तर तिथल्या तिथे मिळते, आणि तिचा भाव ऐकून नवरा बराच वेळ गप्प होता.

नावेतल्या एका आजींकडे मात्र खनोम ख्रोक खाल्ले. अगदी आपले आप्पे, तसंच खळग्यांचं पात्र, फक्त नारळाच्या दुधातले आणि गोड. आजींनी बोटांवर हिशोब दाखवला, सुट्टे पैसे परत दिले.

तुम्ही जाणार असाल तर बँकॉकच्या दक्षिण बस स्थानकातून, म्हणजे साइ ताइ माइहून, दम्नन सदुआकच्या मिनीव्हॅन मिळतात. तरीही शेवटच्या टप्प्यात फोनवर नकाशा उघडा ठेवा, कारण वाटेतल्या धक्क्यांवर उतरवण्याचे प्रकार तिथेही होतात. टॅक्सी केलीत तर ‘बाजाराच्या वाहनतळापर्यंत’ असं आधीच ठरवा. अडकलात तर पर्यटक पोलीस ११५५ वर, तिथे इंग्रजी चालतं. आम्ही फोन केला नाही. परतीची गाडी त्या टॅक्सीवाल्याचीच होती ना!

परतताना टॅक्सीवाल्याने हसत विचारलं, वाटेत रत्नांचं दुकान आहे, पाचच मिनिटं थांबू? सासूबाई मराठीत म्हणाल्या, “गपगुमान हॉटेलवर ने.” त्याला बरोबर कळलं.