शंभर मण्यांची गणितमाळ : दीड वर्ष वर्गात वापरून

गेल्या वर्षी जूनमध्ये मी वर्गासाठी गणितमाळ मागवली, एक मोठी भिंतीला लावायची आणि दहा छोट्या, पोरांच्या हातात द्यायला. आता दीड वर्ष होत आलं, रोज वापरतेय, आणि आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या, दोघीतिघी मैत्रिणी विचारत होत्या की घेऊ का, म्हणून सविस्तर लिहितेय. माझा वर्ग पहिली-दुसरी एकत्र, जिल्हा परिषदेची दोन शिक्षकी शाळा, पटावर 22 मुलं.

वस्तू एकदम साधी. दोरीत शंभर मणी, दहा लाल मग दहा पांढरे मग परत दहा लाल असे ओवलेले. बास. त्यावर आकडे नाहीत, चित्रं नाहीत. मोठ्या माळेचे मणी बोराएवढे आहेत, साडेचारशेला पडली, छोट्या साठ-साठ रुपयांना. कल्पना मूळची हॉलंडमधल्या गणित शिकवणाऱ्यांची, आपल्याकडे दिल्लीच्या जोडो ज्ञान संस्थेनं ती बऱ्याच शाळांत नेली.

आता मुद्दा असा की दहाचा एक असे दशक दांडे आणि सुटे एकक आपल्याकडे असतातच, चिंचोकेही असतात, मग ही माळ वेगळं काय करते? मला वाटायचं फार काही नाही. पण दांड्यांनी मुलाला संख्या किती मोठी ते कळतं, ती कुठे बसते ते कळत नाही. 47 म्हटलं की चार दांडे आणि सात सुटे मांडून मोकळं, पण ते पन्नासच्या जवळ आहे की चाळीसच्या हे दांड्यात दिसतच नाही. माळेवर दिसतं. आम्ही रोज सकाळी परिपाठ झाला की चिमट्याचा खेळ खेळतो, कपडे वाळत घालायचे साधे चिमटे, मी संख्या सांगते आणि एकाने जाऊन तिथे चिमटा लावायचा, एकेक मणी मोजायचा नाही. पहिले पंधरा दिवस सगळे एकपासूनच मोजायचे. मग कुणीतरी दहा-वीस-तीस करत गेलं, आणि नंतर तर पोरं सरळ पन्नासवर बोट ठेवून तीन मणी मागे यायला लागली. हे मी शिकवलेलं नाही, एकमेकांचं बघून आलं.

आणि आता जे सांगणार आहे त्यासाठी तर प्रत्येक मराठी शाळेत ही माळ असावी असं मला मनापासून वाटतं. आपले संख्यावाचक शब्द लहान मुलांना खरंच जड जातात. सत्तावन्न ऐकलं की मूल आधी सात लिहितं, मग पाच, झाले 75. 2019 ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन असं वाचायची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवत असेल, टीव्हीवर चर्चा, विधानसभेत भाषणं. मी तेव्हाही वर्गात होते आणि ते पुस्तक करणाऱ्या, गणितज्ञ मंगला नारळीकरांच्या समितीने ज्या अडचणीवर बोट ठेवलं होतं ती अडचण शंभर टक्के खरी आहे, आम्ही रोज बघतो. मी दोन्ही शब्द वापरते, पन्नास सात पण आणि सत्तावन्न पण, माळेवर दोघांची जागा एकच. त्यातही सगळ्यात जास्त पोरं अडतात ती एकोण-वाल्या संख्यांवर. पहिलीतली एक मुलगी अठ्ठावीसनंतर नेहमी नऊवीस म्हणायची. तिला म्हटलं, तीसवर चिमटा लाव. लावला. आता एक मणी मागे ये. आली. तीसला किती कमी आहे? एक. मी म्हटलं, म्हणून तिचं नाव एकोणतीस, एक उणे तीस. ती दोन मिनिटं माळेकडे बघत उभी राहिली आणि मग स्वतःच चाळीसवर गेली, एक मागे, एकोणचाळीस, पन्नासवर गेली, एकोणपन्नास, अशी पार एकोणनव्वदपर्यंत. अंगावर काटा आला माझ्या. तेरा वर्षं शिकवतेय, हा शब्द मी पाठच करून घेत होते.

अर्थात नव्वदच्या पुढे ती म्हणाली एकोणशंभर. तिला सांगितलं की आपण नव्व्याण्णव म्हणतो. का? तर म्हटलं, बोलायची रीतच तशी पडलीय. तिला ते पटलं नाही.

वजाबाकीलाही उपयोग होतो. 42 वजा 38 म्हटलं की दुसरीचं पोर दशक सुटा करून दोन ओळी खरडतं आणि तरी चुकतं. माळेवर दोन्हीकडे चिमटे लावले की मधे चार मणी, संपलं. डिसेंबरात बाल आनंद मेळावा भरवला तेव्हा एकजण भेळेचे 18 रुपये घेऊन वीसच्या नोटेवर सुटे द्यायला माळ मागत होता. एकाने घरी आजोबांची जपमाळ मोजली, दहादहाचे गट पाडून, दहा गट आणि वर आठ, आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं की बाई ती आपल्यापेक्षा आठने मोठी आहे.

आता तक्रारी. दोरा फार हलका आहे, नायलॉनचा बारीक. मोठी माळ तिसऱ्याच आठवड्यात तुटली आणि मणी वर्गभर. विक्रेत्याला मेसेज केले, उत्तर नाही. छोट्या माळांमध्ये दोरा इतका आखूड ठेवलाय की मणी सरकवायला जागाच नाही, आणि मणी सरकले नाहीत तर गट वेगळे करता येत नाहीत. निदान वीतभर दोरा मोकळा पाहिजे. मी सगळ्या माळा उसवून पडद्याच्या दोरीत परत ओवल्या, तेव्हापासून एकही तुटलेली नाही. घेणार असाल तर दोरी आधीच आणून ठेवा. शिवाय माळ मुलांच्या छातीच्या उंचीवर लावा, फळ्याच्या वर लावली तर ती फक्त शोभेची राहील. पाचपैकी चार गुण, एक दोऱ्यापायी गेला.

तुटलेली माळ पोरांनीच गोळा केली, बाकांखालून, दप्तरांमधून, दहादहाचे ढीग लावले, रंग वेगळे केले, पूर्ण तासिका गेली आणि जाऊ दिली मी. ओवून झाल्यावर शेवटच्या पांढऱ्या गटात नऊच मणी. परत शोधलं, नाही सापडला. तीच मुलगी माळेच्या टोकाला बोट लावून म्हणाली, बाई, आता ही एकोणशंभर आहे. या वेळी मी तिला दुरुस्त केलं नाही.