जळालेल्या आर्मेचरचा फोटो दाखवून ८,६०० रुपये घेतले, सेल्फला फक्त साफसफाई हवी होती

सेल्फच्या, म्हणजे इंजिन चालू करणाऱ्या मोटरच्या, दुरुस्तीचा हिशेब असा: आर्मेचर (मोटरमधला तारा गुंडाळलेला फिरता भाग) ३,८००, बेंडिक्स (छोटा दातेरी पिनियन आणि त्याचा वन-वे क्लच) १,४५०, सोलेनॉइड (पिनियन पुढे ढकलून मोटरला करंट देणारा भाग) १,६५०, बुश आणि कार्बन (मोटरला करंट पोचवणारे ब्रश) मिळून ४५०, मजुरी ९००, येण्याजाण्याचे ३५०. एकूण ८,६०० रुपये. कच्च्या पावतीवर त्या मिस्त्रीच्याच अक्षरात हा हिशेब लिहिलेला आहे आणि पावती मी जपून ठेवली आहे. यातला एकही पार्ट माझ्या मिनी ट्रॅक्टरच्या सेल्फमध्ये बसलेला नाही. होते तेच जुने पार्ट वरून काळा रंग मारून परत आले.

हे लिहायला लाज वाटते. घरच्यांनाही सुरुवातीला अर्धीच रक्कम सांगितली होती. पण ज्या नंबरवर मी फोन केला तो नंबर अजून चालू आहे, आणि मिनी ट्रॅक्टर वापरणारे बहुतेक आपले द्राक्षवाले आहेत, म्हणून गप्प बसवत नाही.

ऑक्टोबर छाटणीनंतरचे दिवस होते. घड बाहेर पडलेले, रात्री पाऊस झालेला, पानं ओली. अशा वेळी डाऊनी रोगाची फवारणी एक दिवस पुढे ढकलली तर काय होतं ते ज्याची बाग आहे त्याला सांगावं लागत नाही. ट्रॅक्टरवरचा फवारणीचा ब्लोअर भरून तयार, औषध कालवलेलं, आणि चावी फिरवली की सेल्फमधून नुसता ‘टक्’ असा आवाज. परत फिरवली की परत ‘टक्’. मधेच एखाद्या वेळी नीट लागायचा. आमचे जुने सेल्फवाले काका बाहेरगावी गेलेले, फोन बंद. कंपनीच्या सर्व्हिसवाल्याने ‘गाडी घेऊन या, नंबर लावतो’ एवढंच सांगितलं. बंद पडलेला ट्रॅक्टर घेऊन कसा जायचा, हे त्यालाच ठाऊक. शेवटी ‘बांधावर येऊन सेल्फ-डायनामो दुरुस्ती’ अशी जाहिरात मोबाइलवर फिरत होती, त्या नंबरवर फोन केला. माणूस तासाभरात हजर. बोलायला गोड. ‘मालक, काळजी करू नका, आजच्या आज ब्लोअर चालू करून देतो.’

आता तो क्षण सांगतो, कारण सगळी फसवणूक तिथेच उघडी पडली होती आणि माझ्या डोळ्यांदेखत निसटली.

त्याने खाली वाकून पान्याच्या दांड्याने सेल्फच्या अंगावर दोन-तीन ठोके दिले आणि मला म्हणाला, ‘मारा आता.’ मी चावी फिरवली. इंजिन एका झटक्यात चालू झालं. सेल्फ जोरात फिरला, कुठे मंद नाही, कुठे अडखळला नाही. त्याने लगेच हात वर करून इंजिन बंद करायला लावलं आणि म्हणाला, ‘आर्मेचर जळालंय मालक. आता लागला, परत लागणार नाही. भर बागेत बंद पडेल.’

जळालेलं आर्मेचर ठोका मारून असं फिरत नाही. वाइंडिंग जळालं की वॉर्निशचा करपट वास येतो, सेल्फ कण्हत फिरतो, वायरा तापतात, बॅटरी बसते. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. ठोक्याने सेल्फ चालू होतो तेव्हा बहुधा काहीतरी अडकलेलं असतं, नाहीतर कार्बन झिजून नीट टेकत नसतात. म्हणजे दुखणं शंभर-दोनशे रुपयांचं. ही माहिती मला आज आहे. त्या वेळी टाकीत औषध कालवून ठेवलेलं, आभाळ परत भरून आलेलं, आणि समोर एक माणूस ठामपणे सांगतोय की भर बागेत बंद पडेल. पावसाच्या धास्तीतल्या बागायतदाराला त्या घटकेला कोणी ‘हो’ म्हणायला लावू शकतं, आणि या लोकांना ती घटका बरोबर ओळखता येते. आधी बॅटरी तपासा, वायरी तपासा, असं शिकवणाऱ्यांनी त्या सकाळी माझ्या जागी उभं राहून बघावं.

त्याने मीटर लावला नाही. बॅटरीचे टर्मिनल हलवूनसुद्धा बघितले नाहीत. बॅटरी पूर्ण भरलेली असली की १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते आणि सेल्फ मारताना साधारण ९.६ च्या खाली जायला नको. खाली गेली तर आधी बॅटरी, तिचे टर्मिनल आणि बॉडीला लावलेली अर्थची पट्टी बघायची. जो मिस्त्री मीटर न काढता थेट आर्मेचरचं नाव घेतो त्याला तिथूनच वाटेला लावा.

‘लेथवर टाकावा लागेल’ म्हणून सेल्फ खोलून घेऊन गेला. जाताना ३,००० रुपये आगाऊ. दुपारी फोटो आला: काळं ठिक्कर पडलेलं आर्मेचर, वाइंडिंगच्या तारा सुटलेल्या. तो फोटो बघून मी बाकीच्या कामालाही हो म्हटलं. संध्याकाळी सेल्फ बसवला, चकचकीत काळा, आणि ट्रॅक्टर लागला. उरलेले ५,६०० यूपीआयने दिले. पैसे देताना पडद्यावर त्याच्या नावाऐवजी एका बाईचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, घरच्यांचं खातं आहे. जुने पार्ट मागितले तर म्हणाला, ‘भंगारात गेले मालक, ते गृहीत धरूनच भाव कमी लावलाय.’ जुना पार्ट हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका. पार्ट जळालेला असेल तर तो दाखवायला कुणाला अडचण नसते.

फवारणी झाली म्हणून मी खूश होतो. महिनाभरात पुन्हा तेच, ‘टक्’ आणि शांत. त्याला फोन केला तर आधी ‘येतो’, मग ‘गॅरंटी आर्मेचरची आहे, आता सोलेनॉइड गेला असेल’, मग फोन उचलणंच बंद. नव्या सोलेनॉइडचे १,६५० रुपये याच माणसाने घेतले होते, तरी त्याला तसं म्हणायला जीभ जड झाली नाही.

तोवर काका परत आले होते. त्यांच्या टेबलावर सेल्फ ठेवला तेव्हा त्यांनी आधी रंगाकडेच बोट दाखवलं. सोलेनॉइडच्या तांब्याच्या बोल्टवर, आट्यांमध्येसुद्धा काळा स्प्रे गेला होता. नवा पार्ट कुणी असा रंगवत नाही. मग त्यांनी मागची पट्टी काढली. कार्बन जुनेच, खालून गोलाई आलेले. आर्मेचर बाहेर ओढलं, शाफ्टचं टोक चिंधीने पुसलं आणि मला दिव्याखाली दाखवलं. टोकावर शेजारी शेजारी पंचाचे दोन ठिपके. काही वर्षांपूर्वी याच सेल्फचे बुश त्यांनी बदलले होते आणि हाताखालून गेलेल्या प्रत्येक आर्मेचरवर ते ही खूण मारतात. वाइंडिंग तांबूस, स्वच्छ, कुठे करपलेलं नाही. मोबाइलमधला फोटो मोठा करून बघितला. त्या जळालेल्या आर्मेचरच्या टोकावर ठिपके नाहीत. दुसऱ्याच कुणाच्या तरी सेल्फचा फोटो मला पाठवला होता, आणि तोच फोटो तो आणखी कितीजणांना पाठवत असेल.

नवी अशी एकच गोष्ट आत होती, ग्रीस. पिनियन ज्या शाफ्टवर मागे-पुढे सरकतो त्या तिरक्या खाचांमध्ये त्याने जाड ग्रीस थापलं होतं. काकांनी नखाने खरवडून दाखवलं तर त्यात क्लचची भुकटी आणि माती बसून चिकट काळा लगदा झालेला. सुरुवातीचं दुखणंही हेच होतं. मिनी ट्रॅक्टरचा सेल्फ खाली, क्लचच्या घराला लागून असतो. चिखल उडतो, आणि आपण फवारणीनंतर पंपाचा फवारा मारून ट्रॅक्टर धुतो तेव्हा पाणी थेट तिथे शिरतं. सोलेनॉइड आपला दट्ट्या आत ओढतो, काटा पिनियनला इंजिनच्या रिंग गिअरकडे ढकलतो, आणि दट्ट्या पूर्ण आत गेला तरच मोटरला करंट देणारे जाड पॉइंट जुळतात. पिनियन खाचांमध्ये अडकला की दट्ट्या अर्ध्यात थांबतो, पॉइंट जुळत नाहीत आणि फक्त ‘टक्’ ऐकू येतं. आर्मेचरचा यात काही संबंध नाही.

काकांनी काय केलं ते नीट वाचा, घरीही जमेल. ट्रॅक्टरवरून सेल्फ काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली होती. ती आधी सोडलीच पाहिजे, नाहीतर पाना बॉडीला लागून ठिणगी उडते. ब्रशला थोडं पेट्रोल लावून खाचा आणि पिनियनचे दात घासले, तेही उघड्यावर, जवळ बिडी-काडी काही नाही. बेंडिक्स पेट्रोलमध्ये बुडवला नाही, कारण त्याच्या आतल्या वन-वे क्लचचं ग्रीस धुऊन गेलं की तो घसरायला लागतो. पिनियन हाताने फिरवून बघितला: एका बाजूला सहज फिरला पाहिजे, दुसऱ्या बाजूला शाफ्टला धरला पाहिजे. खाचांवर पातळ तेलाचं बोट फिरवून चिंधीने पुसून घेतलं, नुसती ओल राहील इतकंच. दट्ट्या साफ करून कोरडाच ठेवला. कॉम्युटेटरवर, म्हणजे आर्मेचरवर कार्बन टेकतात त्या तांब्याच्या भागावर, बारीक सँडपेपर, आणि तिथे तेलाचा थेंबही नाही. मग पकडीत आवळून बॅटरीवर लावला. पिनियन ताडकन बाहेर आला आणि करंट सोडताच मागे गेला. घेतले २५० रुपये. त्यानंतर आजपर्यंत सेल्फ एकदाही अडकलेला नाही.

आता तक्रारीचं.

पोलीस ठाण्यात गेलो. पहिला प्रश्न, ‘रक्कम किती?’ आकडा ऐकून समोरचा साहेब खुर्चीत मागे रेलला. ‘काम करून दिलंय ना त्याने? ट्रॅक्टर चालू झाला होता ना? मग हा दिवाणी मामला.’ न केलेल्या कामाचे पैसे खोटा फोटो दाखवून घेतले तर ती फसवणूक नाही तर काय? भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम, पूर्वीचं ४२०, मग आहे कशासाठी? अर्ज ठेवून घेतला, पोच द्यायला तयार नव्हते. हटून बसलो तेव्हा कोपऱ्यात तारीख टाकून सही दिली, शिक्का नाही. बँकेत गेलो तर ‘पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काय करणार.’ ते खातं कुणाचं, हे पोलिसांनी विचारलं तरच सांगू म्हणाले, आणि पोलीस विचारायला तयार नाहीत. तक्रार नोंदवायच्या फोनवर तास तास गाणं वाजतं, मग एक मुलगी सगळं लिहून घेते आणि दोन दिवसांनी ‘आपली तक्रार निकाली काढली आहे’ असा मेसेज येतो. कसली निकाली? कुणी मला एक प्रश्न विचारला? कंपनीच्या सर्व्हिसवाल्याकडे नुसतं एवढं लेखी मागितलं की आर्मेचर मूळचंच आहे. तेही नाही. ‘बाहेरच्याने उघडलेल्या मालाबद्दल आम्ही काही लिहून देत नाही.’ ज्या दिवशी मदत मागितली त्या दिवशी यांनीच मला बाहेरच्याकडे ढकललं होतं.

ग्राहक आयोगात दावा करायचा म्हटलं तर एका वकिलाने सांगितलं, ट्रॅक्टर धंद्यासाठी आहे, तुम्ही ग्राहक ठरत नाही. हे खोटं आहे, कुणी सांगितलं तर मागे फिरू नका. स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी वापरलेली वस्तू व्यापारी हेतूची धरत नाहीत, हे २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यातच लिहिलेलं आहे. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. माझी अडचण वेगळी आहे. नोटीस पाठवायला पत्ता लागतो, आणि त्याच्या पावतीवर नाव नाही, पत्ता नाही, जीएसटी नंबर नाही, नुसता मोबाइल नंबर. त्या नंबरवरून पत्ता काढायचं काम पोलिसांचं, आणि ते ‘दिवाणी मामला’ म्हणून मोकळे.

सेल्फ कुणाच्याही हातात देण्याआधी शाफ्टवर, सोलेनॉइडच्या खालच्या बाजूला, बॉडीवर खूण करून ठेवा आणि तिचा फोटो काढा. पंच नसेल तर खिळ्याने ओरखडा चालेल. शक्यतो नजरेआड जाऊच देऊ नका, समोर खोलायला लावा. पैसे पाठवताना पडद्यावर दुसरंच नाव आलं तर तिथेच थांबा.

आणि ज्यांना काळ्या फरशीवर ठेवलेल्या, डावीकडे तारा सुटलेल्या आर्मेचरचा फोटो आला असेल त्यांनी तो पुसू नका. पावती, यूपीआयची नोंद आणि फोटो घेऊन मला कळवा. एकट्याच्या ८,६०० साठी कुणी वही उघडत नाही. एकच फोटो चार-पाच अर्जांना जोडलेला असला तर तो अर्ज मी वरिष्ठांकडे स्वतः नेऊन देणार आहे, आणि शिक्का घेतल्याशिवाय उठणार नाही.