फॅमिली कोर्टात वकिली करताना सिग्नल

मी कोल्हापुरात वकिली करते. पोटगी, मुलांचा ताबा, डीव्हीच्या म्हणजे घरगुती हिंसाचाराच्या केसेस असं बहुतेक कौटुंबिक काम. 18 ऑगस्ट 2025 ला इथे उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सोलापूर, सिंधुदुर्गाकडचे पक्षकारही आमच्याकडे येऊ लागले. प्रत्येकीला दर वेळी समोर बसवून बोलता येत नाही. दवाखान्याचे कागद, बँकेचं स्टेटमेंट, अंगावरच्या वळांचे फोटो, सगळं फोनवरून येतं. त्यासाठी मी सिग्नल हे मेसेजिंग अ‍ॅप वापरते आणि पक्षकारांनाही वापरायला लावते.

या अ‍ॅपबद्दल बोलणं निघालं की गाडी सरकार, हेरगिरी आणि मोठमोठ्या कंपन्यांवर जाते. ते महत्त्वाचं आहेच. पण माझ्या पक्षकाराला ज्याची भीती असते तो तिच्याच घरात राहतो. तिच्या फोनचा पॅटर्न त्याला पाठ असतो आणि सिमकार्ड पुष्कळदा त्याच्याच नावावर असतं. अशा बाईच्या हातात सिग्नल किती उपयोगी पडतं, या बाजूने मी ते बघते.

पहिली काळजी अ‍ॅप टाकतानाच घ्यावी लागते. तुम्ही सिग्नलवर आलात की ज्यांच्याकडे तुमचा नंबर सेव्ह आहे आणि जे स्वतः सिग्नल वापरतात, त्यांना तसं कळू शकतं. नवरा, दीर, नणंद यांच्यापैकी कुणी तिथे असेल तर पहिल्या मिनिटाला बातमी घरात. म्हणून नंबरवरून मला कोण शोधू शकेल, या प्रश्नाला नोंदणीच्या वेळीच ‘कुणीही नाही’ असं उत्तर द्यायचं. 2024 पासून नंबरऐवजी युजरनेमवर बोलण्याची सोय आली, तेव्हापासून ही सेटिंगही मिळाली. माझ्या पक्षकारांसाठी ही सुधारणा बाकी सगळ्यांपेक्षा मोलाची आहे. नोटिफिकेशनमध्ये नाव आणि मजकूर दोन्ही बंद ठेवता येतात. अँड्रॉइडवर आयकॉन बदलून तो हवामानाच्या किंवा नोट्सच्या अ‍ॅपसारखा करता येतो. मात्र फोनच्या सेटिंग्जमधल्या यादीत नाव सिग्नलच राहतं, हे मी प्रत्येकीला आवर्जून सांगते.

आता याची सर्वांत मोठी उणीव. सिग्नलचं स्क्रीन लॉक फोनच्याच लॉकवर चालतं, अ‍ॅपला वेगळा पासवर्ड नाही. म्हणजे ज्याला फोनचा पॅटर्न माहीत आहे त्याला सिग्नलही उघडं. एन्क्रिप्शन, म्हणजे वाटेत कुणाला मेसेज वाचता येऊ नये म्हणून त्याला लावलेलं कुलूप, कितीही मजबूत असलं तरी फोन नवऱ्याच्या हातात गेल्यावर त्याचा काही उपयोग नाही. ज्याच्या हाती उघडा फोन आहे त्याला कुठलंच अ‍ॅप पूर्ण थोपवू शकत नाही, असं यावर तज्ज्ञ म्हणतात. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर असेल. पण घरातला माणूस तज्ज्ञ नसतो, तो दोन मिनिटं फोन चाळतो आणि ठेवून देतो. त्या दोन मिनिटांना अडवणारा एक साधा वेगळा पिन सिग्नलने द्यायलाच हवा. तोवर मी सांगते: पॅटर्न बदलणं सुरक्षित असेल तरच बदल, नाहीतर आईच्या किंवा बहिणीच्या फोनवरून बोल. आणि ‘जोडलेली उपकरणं’ ही यादी अधूनमधून बघत जा, तिथे ओळखीचा नसलेला कॉम्प्युटर दिसला तर आधी मला कळव.

डुप्लिकेट सिमच्या बाबतीत मात्र या अ‍ॅपने मला जिंकून घेतलं. माझ्या एका पक्षकाराचं सिम नवऱ्याच्या नावावर होतं. ती माहेरी आली आणि एका सकाळी तिच्या फोनची रेंजच गेली. मला त्यातलं काही माहीत नव्हतं. दुपारी तिला पुढच्या तारखेचा मेसेज पाठवायला गेले तर सिग्नलने तो अडवला आणि विचारलं, या व्यक्तीचा सेफ्टी नंबर (दोघींच्या संभाषणाची ओळख पटवणारा कोड) बदललाय, तरी पाठवायचा का? ती ऑफिसात आली होती तेव्हा दोघींचे फोन शेजारी ठेवून हा कोड स्कॅन करून घेतला होता, म्हणून ही चौकट आली. मी पाठवला नाही, तिच्या भावाला फोन लावला. नवऱ्याने दुकानातून डुप्लिकेट सिम काढून त्यावर सिग्नल सुरू केलं होतं. त्याच्या हाती लागलं ते रिकामं अ‍ॅप. जुने मेसेज तिच्याच फोनवर होते, कुठल्या सर्व्हरवरून ते आपोआप नव्या फोनवर उतरत नाहीत. तिने रजिस्ट्रेशन लॉक, म्हणजे आपल्या पिनशिवाय तो नंबर दुसऱ्या फोनवर नोंदवू न देणारं कुलूप, लावलं असतं तर त्याला तेवढंही जमलं नसतं. आता हे लॉक लावल्याशिवाय मी पक्षकाराला ऑफिसातून उठू देत नाही. अ‍ॅप सात दिवस वापरलं नाही तर या लॉकची मुदत संपते, म्हणून रोज एकदा तरी ते उघडायला सांगते.

बार रूममध्ये एक ज्येष्ठ वकील मला नेहमी म्हणतात, “अहो मॅडम, व्हॉट्सअ‍ॅपवरही एन्क्रिप्शन आहे की, मग हा उपद्व्याप कशाला?” खरं आहे, 2016 पासून व्हॉट्सअ‍ॅपवर सिग्नलचाच प्रोटोकॉल चालतो आणि मजकूर तिथेही बंद पाकिटात जातो. फरक पाकिटावरच्या पत्त्यात आहे: कोण कुणाशी, कधी, कितीदा बोललं. 2021 च्या जानेवारीत व्हॉट्सअ‍ॅपने माहिती आपल्या मालक कंपनीच्या, म्हणजे मेटाच्या, इतर कंपन्यांना देण्याबद्दलचं धोरण आणलं, त्यावरून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर 2024 मध्ये मेटाला 213.14 कोटींचा दंड केला. उलट 2016 मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या ग्रँड ज्युरीने (गुन्ह्याच्या तपासातले पुरावे तपासणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) सिग्नलकडे एका खात्याची माहिती मागितली, तेव्हा सिग्नलला देता आल्या त्या दोनच गोष्टी: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. बाकी काही जपूनच ठेवलेलं नव्हतं. भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम 132 वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला संरक्षण देतं. ते निभावायचं तर माझ्या अशिलांची यादी कुणाच्या सर्व्हरवर पडून नसणं मला गरजेचं वाटतं. म्हणून ‘हा उपद्व्याप कशाला’ हा प्रश्न मला वकिलाने वकिलाला विचारू नये असं वाटतं.

सिग्नलचा सोर्स कोड, म्हणजे त्याचा मूळ प्रोग्राम, एजीपीएल नावाच्या परवान्याखाली खुला आहे. सर्व्हर चालवून लोकांना सेवा देणाऱ्यालाही बदललेला कोड वापरणाऱ्यांना उपलब्ध करून द्यावा लागतो, ही या परवान्याची खासियत. तरीही 2020 च्या एप्रिलपासून जवळजवळ वर्षभर सर्व्हरचा नवा कोड बाहेर आलाच नाही. आला तो 2021 च्या एप्रिलमध्ये, मोबाइलकॉइन हे क्रिप्टो पेमेंट जाहीर झालं तेव्हा. मजकुराची सुरक्षा फोनमधल्या अ‍ॅपवर अवलंबून असते आणि तो कोड खुलाच होता, त्यामुळे कुणाचे मेसेज उघडे पडले असं नाही. पण विश्वासावर चालणाऱ्या संस्थेला असं वर्षभर गप्प राहणं शोभत नाही, आणि निरोपाच्या अ‍ॅपमध्ये क्रिप्टो घुसवायची गरज मला आजही पटलेली नाही.

सिग्नल चालवणारी संस्था ना-नफा आहे, जाहिराती नाहीत. 2023 च्या नोव्हेंबरात त्यांनी खर्च उघड केला: सर्व्हर वगैरेवर वर्षाला साधारण 1 कोटी 40 लाख डॉलर, त्यातले सुमारे 60 लाख नोंदणीच्या एसएमएसवर. हे आकडे वाचूनच मी देणगी सुरू केली. एक कमजोरी मात्र उघड आहे. 20 ऑक्टोबर 2025 ला अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा कोलमडली तेव्हा तिच्यावर चालणारं सिग्नलही बंद पडलं. म्हणून तातडीच्या प्रसंगासाठी पक्षकाराला साधा फोन कॉल आणि 112 हे दोन्ही मी आधीच सांगून ठेवते.

सरकारी धोरणाचा फटका या बायकांना कसा बसतो, यावर फारसं कुणी बोलत नाही. 2021 च्या आयटी नियमांतला नियम 4(2) सांगतो की 50 लाखांवर वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग सेवेने पहिला मेसेज कुणी पाठवला ते शोधून देता आलं पाहिजे. हे करायचं तर प्रत्येक निरोपावर खूण ठेवणं आलं. त्यानंतर 28 नोव्हेंबर 2025 ला दूरसंचार विभागाने निर्देश काढले: नोंदणीचं सिम त्याच फोनमध्ये चालू असेल तरच अ‍ॅप चालायला हवं आणि वेबवरचं लॉगिन सहा तासांनी तोडायला हवं. परदेशातून चालणारी सायबर फसवणूक थांबवणं हा त्यामागचा हेतू, आणि त्या फसवणुकीत बुडालेले लोकही माझ्याकडे येतात. पण वरच्या केसमधल्या बाईचा विचार करा. सिम नवऱ्याच्या नावावर, त्याने ते बंद करून घेतलं. अशी अट नसेल तर तिच्या फोनवरचं सिग्नल भावाच्या घरच्या वायफायवर चालत राहू शकतं. या निर्देशानुसार ज्याच्या हाती सिम त्याच्याच हाती तिचं अ‍ॅपही. नियम करताना महिला आयोगाला किंवा घरगुती हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्यांना एकदा विचारलं तरी हे लक्षात आलं असतं. संकटातल्या बाईसाठी यात अपवाद असायलाच हवा.

बॅकअपकडे सिग्नलने फार वर्षं दुर्लक्ष केलं. सप्टेंबर 2025 मध्ये अखेर ऑनलाइन बॅकअप सुरू झाला: मजकूर आणि मागच्या 45 दिवसांचे फोटो फुकट, त्यापुढे महिन्याला 1.99 डॉलर. तो उघडायची रिकव्हरी की हरवली तर कंपनीही काही करू शकत नाही. ती फोनमध्ये न ठेवता कागदावर लिहून माहेरी ठेवायची.

राहिले आपोआप पुसले जाणारे मेसेज. माझ्या आणि पक्षकाराच्या संभाषणात मी एक आठवड्याची मुदत लावते, आलेले कागद त्याच दिवशी ऑफिसच्या फाइलला लागतात. पण नवऱ्याशी, सासरच्यांशी चाललेल्या चॅटला ही सोय लावायची नाही, ते चॅट सिग्नलवर हलवायचंही नाही. धमकी ज्या अ‍ॅपवर आली तिथेच ती राहू द्यायची. साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडायचं, त्यात हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये बदल झालेला नाही हे दाखवणारी खूण) द्यायची, तर मूळ फोन आणि मूळ मेसेज लागतो. नुसत्या स्क्रीनशॉटवर समोरचा वकील पहिला आक्षेप घेतो. म्हणून फोनवर सिग्नल सुरू करून दिल्यावर मी पक्षकाराला लगेच सांगते: जुना फोन विकू नको, फॉरमॅट मारू नको, नवऱ्याचे मेसेज रागाच्या भरात डिलीट करू नको, आणि पुढच्या तारखेला येताना तो फोन चार्जरसकट घेऊन ये.