सिग्नलचा झेब्रा की बिनसिग्नलचा?

नियम वाचला तर बिनसिग्नलचा झेब्रा पादचाऱ्याचा. १९८९ च्या रस्ता-नियमावलीपासून तिथे पहिला हक्क चालणाऱ्याचा. २०१७ च्या नियमावलीतही चालकाने वेग कमी करून, थांबून वाट द्यायची आहे. प्रत्यक्षात? हात दाखवत, रिक्षावाल्याच्या डोळ्यांत बघत, जीव मुठीत धरून पलीकडे जायचं. हक्क आपला आहे हे त्याला ठाऊक नसतं, बऱ्याचदा आपल्यालाही.

सिग्नलवर दिव्याचं राज्य. हिरवा माणूस दिसला की चला. दादरला २०२० पासून काही खांबांवर बाईही दिसते. डावीकडे वळणाऱ्या दुचाक्या मात्र दोघांनाही जुमानत नाहीत, आणि पट्ट्यांवरच उभ्या गाड्यांतून वाट काढावी लागते ती वेगळीच. तरी आई सोबत असली की मी शंभर पावलांचा वळसा घालून सिग्नलच गाठतो.